तारीख आपण ठरवायची: घरच्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी, इंदूरकरांसाठी सविस्तर

घरात कुत्री पाळली की वर्षाच्या आत हा संवाद ठरलेला. सून नसबंदीचा विषय काढते आणि सासूबाई म्हणतात, "अगं, एक वेत तरी होऊ दे तिचं. बाईचा जन्म आहे." रामबागेतल्या वाड्यापासून सुदामानगरच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे हे वाक्य मी ऐकलंय. त्यामागे माया असते, म्हणून खोडून काढणं अवघड जातं. पण एकदा व्याल्याने कुत्रीची किंवा मांजरीची तब्येत सुधारते याला वैद्यकात आधार नाही. वेत होऊन गेल्यावरही गर्भाशयाचे आणि स्तनांचे आजार व्हायचे ते होतातच. शिवाय सहा-सात पिल्लांना चांगली घरं कोण शोधणार, हा प्रश्न सासूबाईंनाच विचारावा. त्यावर सहसा चहा टाकला जातो.

कितीतरी घरांत टाळत टाळत शेवटी हे ऑपरेशन होतंच. ते धडधाकट दोन वर्षांच्या जनावराचं सकाळी अकरा वाजता, रक्ताचे रिपोर्ट पाहून होतं, की नऊ वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्रीचं रात्री बारा वाजता, पोटात पू साठल्यावर, एवढंच आपल्या हातात असतं. हा लेख पहिल्या प्रकारची तारीख कशी ठरवायची आणि पाळायची, यासाठी आहे.

टळतं काय

सगळ्यात आधी पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं. कुत्रीचा माज, म्हणजे नराला जवळ येऊ देण्याचा काळ, संपला की पिल्लं नसली तरी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जवळजवळ दोन महिने चढं राहतं. गर्भाशयाचं अस्तर दर वेळी जाड होतं, स्राव साठतो आणि त्यात जंतू वाढतात. माजानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत त्रास दिसू लागतो. कुत्री पाण्याचं भांडं पुन्हा पुन्हा रिकामं करते, लघवीला सारखी जाते, जेवण सोडते, ओकते, मागच्या बाजूला दुर्गंधीयुक्त स्राव दिसतो. स्राव दिसला तर नशीब म्हणायचं, कारण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, नुसतं पोट फुगतं आणि विष आत पसरतं. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा सर्रास काढतात. तिथल्या नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा आजार होतो. तेव्हाही उपाय तोच, गर्भाशय काढणं. पण तेव्हा मूत्रपिंडं थकलेली, ताप चढलेला आणि भुलेचा धोका कितीतरी वाढलेला असतो.

दुसरं स्तनांच्या गाठींचं. कुत्रीतल्या अशा गाठींपैकी निम्म्याच्या आसपास कर्करोगाच्या निघतात आणि मांजरीत तर बहुतेक सगळ्याच. १९६९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासापासून पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर कुत्रीचा हा धोका अगदी नगण्य होतो असं सांगितलं जातं. पुढच्या काळातल्या संशोधकांनी त्या पुराव्याच्या भक्कमपणावर शंका घेतली आहे, म्हणून मी ते आकडे घोकून सांगत नाही. मांजरीच्या बाबतीत मात्र चित्र स्पष्ट आहे. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनांचा कर्करोग फार कमी आढळतो.

तिसरा आजार आपल्याकडे फार दिसतो आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. गुप्तांगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्ताळलेली गाठ येते. हा संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे. कर्करोगाच्या पेशीच समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. गेट उघडं राहिलं म्हणून तासभर गल्लीत भटकून आलेला घरचा कुत्राही तो घेऊन येऊ शकतो. व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी तो बहुधा बरा होतो, पण दर आठवड्याची ती फेरी, घटणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि खर्च सोसावा लागतो.

नरांचं थोडक्यात. वृषणाच्या गाठी होत नाहीत, म्हातारपणी प्रोस्टेट वाढून लघवी-शौचाला होणारा त्रास टळतो, गुदद्वाराजवळच्या गाठी कमी होतात. एखादं वृषण खाली उतरलंच नसेल तर ते पोटात राहून पुढे कर्करोगाचं होण्याचा धोका असतो. अशा कुत्र्याची नसबंदी ऐच्छिक समजू नये. बोक्याचं कारण घरच्यांना नाकानेच कळतं: सोफ्याच्या कडेला, दाराच्या चौकटीला उडवलेल्या मुताचा तो उग्र दर्प. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय जाते किंवा खूप कमी होते, रात्रीच्या मारामाऱ्या घटतात आणि चाव्यांतून पसरणारे विषाणूही.

तोटे लपवून उपयोग नाही

भूक वाढते, ऊर्जेची गरज घटते, वजन चढतं. काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातीच्या माद्यांना, उतारवयात झोपेत लघवी सुटते. त्यावर गोळ्या आहेत. मोठ्या जातींची फार लवकर नसबंदी केली तर हाडांची वाढ थांबवणारी संप्रेरकं वेळेवर मिळत नाहीत आणि सांध्यांचे आजार वाढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरवर झालेल्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याचा दोष दुपटीने आढळला. तिथल्याच गटाने २०२० मध्ये ३५ जाती तपासल्या, तेव्हा छोट्या जातींमध्ये सांध्यांचा असा फरक जवळजवळ दिसला नाही. तेव्हा "सहा महिने झाले की करून टाका" हा सरसकट सल्ला लॅब्राडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलरवाल्यांनी डोळे मिटून घेऊ नये.

आणखी एक. भीतीपोटी चावणारा कुत्रा नसबंदीने शांत होत नाही, काही वेळा जास्त बुजरा होतो. त्याला शिकवणी लागते, शस्त्रक्रिया नव्हे. आणि "मग तो राखण करणार नाही" ही भीती निराधार आहे. दारावर कुरिअरवाला आला की भुंकायचं काम कुत्रा वृषणांनी करत नाही.

बोक्याच्या बाबतीत "लवकर केलं तर मूत्रनळी अरुंद राहते आणि लघवी अडकते" असं ऐकवलं जातं. मोजून पाहिल्यावर नळीच्या रुंदीत असा फरक आढळलेला नाही. लघवी अडकण्यामागे लठ्ठपणा, कमी पाणी पिणं, नुसतं कोरडं खाणं आणि ताण ही कारणं जास्त असतात. ओलं अन्न द्यावं, पाण्याची दोन-तीन भांडी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवावीत.

वय आणि तारीख

मांजरांचं सोपं आहे: पाच महिन्यांच्या आसपास, नर असो की मादी. मांजरी चार-पाच महिन्यांचीच माजावर येऊ शकते. नर मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही गाभण राहू शकते. "अजून लहान आहे" म्हणेपर्यंत माळ्यावर वेत झालेलं असतं. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा.

देशी कुत्रे आणि छोट्या जाती सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. मोठ्या जातीचा नर वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावर. मोठ्या जातीच्या मादीबाबत डॉक्टरशी बसून बोलावं. पुष्कळ जण एक माज होऊ देतात आणि मग करतात. म्हाताऱ्या जनावरालाही वयाची बंदी नाही, रिपोर्ट चांगले हवेत.

मादीची तारीख काढायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. रक्ताचा पहिला थेंब दिसला त्या दिवशी खूण करा. माज साधारण तीन आठवडे चालतो आणि त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून ऑपरेशन टाळतात. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे खोट्या गाभणपणाचे. काही कुत्र्या दूध आणतात, मोजे जमवून त्यांच्यावर बसतात. तेही जाऊ द्यायचं. पहिल्या खुणेपासून तीन महिने मोजले की शांत काळ लागतो. पुढचा माज बहुधा सहा-सात महिन्यांनी, म्हणजे आपल्या हातात तीन-चार महिन्यांची खिडकी असते. व्यालेली असेल तर पिल्लं सुटून दूध आटेपर्यंत थांबायचं. या सगळ्या कटकटीला पर्याय म्हणून माज थांबवायचं इंजेक्शन सुचवलं जातं. ते घेऊ नका. त्यातली संप्रेरकं पायोमेट्रा आणि स्तनांच्या गाठी, दोन्हींचा धोका वाढवतात.

या खिडकीत आपला ऋतू बसवायचा. माझं मत: दिवाळीचे फटाके संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात गळ्यात जखम चाटू न देणारा कोन घालून धापा टाकणारं जनावर बघवत नाही. पावसाळ्यात माश्या जखमेवर बसतात आणि अंडी घातली तर अळ्या पडायला वेळ लागत नाही. रंगपंचमीच्या आठवड्यात गेरीच्या मिरवणुकीची गर्दी आणि रंग, त्यामुळे तोही सोडा. पण खिडकी जुलैतच येत असेल तर जुलैत करा, फक्त खोलीला जाळी आणि जमीन कोरडी हवी. आजारापायी करायचं असेल तर ऋतू पाहत बसायचं नाही.

डॉक्टरला काय विचारायचं

इंदूरमध्ये खाजगी दवाखाने पुष्कळ झालेत. शिवाय पंचवीसएक किलोमीटरवर महूचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९५५ पासूनचं. शिकवणारी संस्था असल्याने गुंतागुंतीच्या केससाठी तिथला शस्त्रक्रिया विभाग विचारात घ्यावा. आधी फोन करून ऑपरेशनचे वार विचारून मगच गाडी काढा.

दर सांगितला की त्यात काय-काय धरलंय ते विचारा: रक्ततपासणी, सलाईन, वेदनाशामक, कोन, टाके काढणं. स्वस्त आणि महाग यांतला बराचसा फरक इथेच मुरतो. मग भुलेबद्दल. नुसती इंजेक्शनची भूल की नळी घालून गॅसची? शिरेत सुई आधीपासून लावून ठेवता का? ऑपरेशन चालू असताना श्वास, ठोके, ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का? शुद्धीवर येईपर्यंत जनावर कोणाच्या नजरेखाली असतं? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर उत्तर मिळालं असं समजून पुढचा दवाखाना पाहा.

आधीचा पंधरवडा

लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं असावं. रक्ततपासणीत यकृत-मूत्रपिंडाबरोबर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बघाच. आपल्या भागात गोचीड वर्षभर असतात आणि गोचीडतापात प्लेटलेट खाली जातात. कुत्रा वरून अगदी ठणठणीत, पोळी-दूध ओरपणारा, आणि टेबलावर घेतल्यावर रक्त थांबत नाही. हा धोका एका साध्या तपासणीने कळतो. प्लेटलेट कमी निघाल्या तर आधी उपचार, मग ऑपरेशन. तारीख पुढे गेली म्हणून डॉक्टरवर रुसू नये.

वजन घरीच नोंदवून ठेवा. आधी एकट्याने काट्यावर उभं राहायचं, मग जनावर कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करायची. मोठ्या लॅब्राडॉरला दवाखान्यातच नेलेलं बरं.

याच दिवसांत त्याच्या हिरड्या पाहून ठेवा. वरचा ओठ उचलायचा, अंगठ्याने हिरडी दाबायची, पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. आपल्या जनावराचा नेहमीचा रंग माहीत असेल तर ऑपरेशनच्या रात्री फिकेपणा लगेच ओळखता येतो. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा. कोनची सवयही आधीच लावा, दिवसातून दहा मिनिटं, खाऊ देत देत.

आदल्या रात्री पोट भरून नाही, हलकं जेवण. प्रौढ जनावराला साधारण सहा ते आठ तास उपाशी ठेवतात. पाच महिन्यांच्या मांजराच्या पिल्लाला इतका वेळ चालत नाही, साखर खाली जाते, म्हणून त्याची वेळ डॉक्टरकडून वेगळी विचारून घ्या. पाणी किती वाजेपर्यंत, तेही. घरात सगळ्यांना बजावून ठेवा. सकाळी पोहे-जिलेबीच्या ताटलीतून एक घास "एवढ्याने काय होतंय" म्हणून आजोबांनी दिला तर भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. दिलाच असेल तर डॉक्टरला खरं सांगा आणि दिवस बदला.

ऑपरेशनचा दिवस

मांजराला पिंजऱ्यातच न्या, कडेवर नाही. वरून एक पंचा टाका, अंधारात ते गप्प बसतं. मादीचं अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात, पोटाच्या मध्यावर किंवा कुशीत छेद घेऊन, साधारण अर्धा ते एक तास. नराचं त्याहून सोपं आणि लवकर. बोक्याला तर बहुतेकदा टाकेच नसतात, छोटी चीर आपोआप बुजते. ते पाहून "डॉक्टर विसरले" म्हणून घाबरू नका.

सोडायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: औषधांची मात्रा, टाके काढायची तारीख आणि रात्री लागला तर फोन कोणाला करायचा.

घरी आल्यावर त्याला जमिनीवर सतरंजी घालून, उंचावरून पडणार नाही अशा ठिकाणी ठेवा. भुलेत अंग गार पडतं, म्हणून हलकी चादर पांघरा. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका, बधिर जनावराला चटका कळत नाही. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडं पाणी, मग नेहमीच्या निम्मं जेवण. रात्री हिरड्या दोन-तीनदा बघा. कण्हणं, लडखडणं, खोकल्याची एखादी ढास चालतं. हिरड्या पांढऱ्या, पोट फुगतंय, जखमेतून रक्त ठिबकतंय, हाक मारली तरी प्रतिसाद नाही, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

पुढचे दहा ते चौदा दिवस

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, कारण तिसऱ्या दिवशी जनावर बरं दिसू लागतं. बाहेरची कातडी जुळलेली दिसते, आत पोटाच्या स्नायूंचे टाके अजून कच्चे असतात. म्हणून उड्या, जिने, दुसऱ्या कुत्र्याशी दंगा बंद. फिरायला पट्टा बांधूनच, लघवीपुरतं. मांजराला कपाटं आणि फ्रिज नसलेल्या छोट्या खोलीत ठेवा.

कोन चोवीस तास. जेवताना काढायचा असेल तर आपण समोर बसायचं आणि पुन्हा घालायचा. चाटल्याने जखम भरते हा समज चुकीचा आहे. कुत्रा टाके दोन मिनिटांत उचकटतो. अरुंद जिन्याच्या जुन्या घरात कोन सारखा भिंतीवर आपटतो आणि जनावर घाबरून एका जागी थिजतं. तिथे जुना टी-शर्ट कामाला येतो. गळ्याच्या भोकातून डोकं, बाह्यांतून पुढचे पाय, आणि मागचं कापड पाठीवर गोळा करून रबरबँडने गाठ. लघवीला जाताना गाठ सोडायची. मांजरीला लहान बाळाचं झबलं बसतं. पण टी-शर्टवर भरवसा टाकण्याआधी तासभर लक्ष ठेवून पाहा, काही जण कापडावरूनच चावतात.

दिवसातून दोनदा जखम उजेडात पाहा, मोबाईलवर फोटो काढा. कालच्या फोटोशी ताडून पाहिलं की सूज वाढते की उतरते ते नेमकं कळतं. थोडी लाली, किंचित उंचवटा ठीक. नर कुत्र्याची रिकामी पिशवी पहिले काही दिवस सुजलेली दिसते, पण ती पूर्वीइतकी मोठी झाली तर दाखवा. पू, वास, उघडलेला टाका, चोवीस तासांनंतरही जेवण नाही, लघवी नाही, अशा वेळी फोन.

जखमेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. दोन आठवडे आंघोळ नाही. आणि आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी कधीच नाही. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतं.

नराच्या मालकांना एक सूचना: ऑपरेशन झाल्या दिवसापासून तो निर्धोक होत नाही. नळीत उरलेल्या शुक्राणूंमुळे काही आठवडे गर्भधारणा होऊ शकते. माजावरच्या मादीपासून त्याला महिना-दीड महिना लांब ठेवा.

ताटलीचा हिशोब

जखम भरली की खाणं साधारण पाव हिस्सा कमी करा. त्याची भूक वाढलेली असेल, डोळे केविलवाणे असतील, आणि इंदूरच्या घरात शेव तर प्रत्येक गोष्टीवर पडते. मीठ-तेल-तिखटाची ती शेव तसंही त्याच्यासाठी नाही. महिन्याला वजन करा. बरगड्यांवर हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, दाबून शोधाव्या लागल्या तर पोळीचा तुकडा बंद.

गल्लीतल्यांचं

२०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे घरच्या जनावराची नसबंदी, लसीकरण आणि जंताचं औषध ही मालकाची जबाबदारी आहे, रस्त्यावरच्यांची स्थानिक संस्थेची, म्हणजे इथे नगर निगमाची. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच मारतात. तुम्ही रोज भाकरी घालता त्या कुत्रीच्या कानाला खाच नसेल तर निगमाकडे किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे नोंद करा. आणि पकडायला माणसं येतील तेव्हा हजर राहा. ओळखीच्या माणसाच्या हाकेवर ती पटकन येते, जाळं टाकायची वेळ येत नाही. नेलेल्या कुत्र्याला बरं झाल्यावर त्याच गल्लीत परत सोडायचं असतं, तेव्हा परतीचा दिवस विचारून ठेवा.

रस्त्यावरून मोठी मादी घरी दत्तक आणली असेल तर तारीख ठरवण्याआधी तिचा कान पाहा आणि पोटावरचे केस बाजूला करून जुन्या टाक्यांची रेघ शोधा. कुशीतून ऑपरेशन झालं असेल तर ती बाजूला असते. कशाचीच खात्री पटली नाही तर सोनोग्राफी करून घ्या आणि गर्भाशय आहे हे कळल्यावरच पुढची चर्चा करा.